म्हैसूरने काय दिले?

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एका मालवाहू विमानावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. टाटा आणि एअरबस मिळून हवाई दलाला सी-२९५ जातीची ५६ विमाने देणार होते. त्यांतली १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार होऊन यायची होती आणि ४० भारतात बांधली जायची होती. हा कारखाना नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात येईल अशी आस लावून बसलेल्यांना कळले, की तो वडोदऱ्याला निघाला आहे. महिन्याभरापूर्वीच वेदांत-फॉक्सकॉनचा चिप बनवण्याचा प्रकल्प गुजरातेत गेल्याने वातावरण तापलेलेच होते. सत्ताधाऱ्यांनी आधीच्या सरकारकडे बोट दाखवले, आधीच्यांनी सत्ताधाऱ्यांकडे. कोणी किती एकर दिले, कोणी किती सवलत दिली, कोणी पत्र उशिरा धाडले, यापलीकडे चर्चा सरकलीच नाही.

राज्यात विमानांचा उद्योग कशाने येतो, हा प्रश्न मात्र या गदारोळापेक्षा बराच जुना आहे. भारतातला पहिला विमान कारखाना काढणारा माणूस सोलापूरचा होता आणि त्याचा कारखाना महाराष्ट्रात उभा राहिला नाही. तो का राहिला नाही, यापेक्षा जिथे राहिला तिथे काय होते, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

वालचंद हिराचंदांना मोठे आणि अवघड काम दिसले की ते केल्याशिवाय चैन पडत नसे. रेल्वेची कंत्राटे घेता घेता त्यांनी १९१९ मध्ये सिंदिया कंपनीतून जहाजांच्या धंद्यात उडी घेतली आणि ब्रिटिश जहाज कंपन्यांशी उभा दावा मांडला. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना, पॅसिफिक ओलांडणाऱ्या विमानात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकनाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवत होता. जपानी सैन्य पुढे सरकेल तसतसा तो कारखाना आत आत हलवावा लागत होता, शेवटी तो ब्रह्मदेशाच्या सीमेला टेकला. चीनमध्ये युद्धाच्या धामधुमीत जे जमते ते भारतात का जमू नये, असे वालचंदांच्या मनाने घेतले.

दिल्लीने आधी थंडा प्रतिसाद दिला. ब्रिटनमधल्या कारखान्यांना वसाहतीत स्पर्धक नको होता आणि सरकारलाही घाई नव्हती. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला तेव्हा घाई झाली. परवानगी आली आणि जागेचा शोध सुरू झाला. म्हैसूर संस्थानाचे दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. १९२६ पासून ते कारभार पाहत होते आणि उद्योग हा त्यांचा ध्यास होता. त्यांनी बंगळूरच्या पूर्वेला सुमारे ७०० एकर जमीन देऊ केली, तीही फुकट, आणि संस्थानाच्या तिजोरीतून २५ लाख रुपयांचे भागभांडवल घालण्याची तयारी दाखवली. या वाटाघाटींच्या काळातच, ऑगस्ट १९४० मध्ये, महाराज कृष्णराज वडियार निवर्तले. राजा बदलला तरी काम थांबले नाही, ही त्या दरबाराची खरी शिफारस म्हणायची. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड या नावाने कंपनी नोंदली गेली. अधिकृत भांडवल होते चार कोटी.

कथा सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात: दूरदृष्टीचा दिवाण, धाडसी उद्योगपती, सातशे एकर. जमीन तर कोणीही दिली असती. संस्थानिकांकडे माळरानांना काय तोटा होता? म्हैसूरने जे दिले त्यात ही जमीन सर्वांत स्वस्त होती. महाग गोष्टी त्यांनी चाळीस वर्षे आधीपासून देऊन ठेवल्या होत्या आणि त्यांतली एकही विमानासाठी नव्हती.

कावेरीवर शिवनसमुद्र इथे १९०२ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले ते कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. तिथपर्यंत तारा नेल्यावर १९०५ मध्ये बंगळूरलाही वीज मिळाली. जमशेटजी टाटांच्या विज्ञान संस्थेला दरबाराने ३७१ एकर जागा दिली. टाटा स्वतः १९०४ मध्ये वारले, संस्था १९०९ मध्ये स्थापन झाली आणि १९११ मध्ये पहिले विद्यार्थी आले. विश्वेश्वरय्या दिवाण असताना १९१७ मध्ये बंगळूरला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. भद्रावतीच्या लोखंड कारखान्यातून १९२३ मध्ये उत्पादन निघू लागले. म्हणजे १९४० मध्ये वालचंद बंगळूरला आले तेव्हा शहरात भरवशाची वीज होती, फिटर-टर्नर होते, पदवीधर इंजिनिअर होते आणि भौतिकी शिकवणारी देशातली एक अव्वल संस्था गाडीने थोड्या अंतरावर होती. हवा सौम्य, समुद्र लांब, म्हणजे शत्रूच्या विमानवाहू जहाजांपासूनही लांब. एवढे एकत्र देऊ शकणारी ठिकाणे त्या वेळी देशात फारशी नव्हती.

१९४१ मध्ये पहिले हार्लो जातीचे शिकाऊ विमान जुळवून उडाले. मग जपान युद्धात उतरला, ब्रह्मदेश पडू लागला आणि एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणम व काकिनाड्यावर बॉम्ब पडले. त्याच महिन्यात भारत सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. ज्याने स्वप्न पाहिले तो सव्वा वर्षात बाहेर! म्हैसूर दरबाराने मात्र आपला हिस्सा विकला नाही. व्यवस्थापनावरचा हक्क सोडला, पैसे तिथेच राहू दिले. पुढच्याच वर्षी कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या हाती गेला आणि तिथे नवी विमाने बांधण्याऐवजी लढाईतून आलेल्या विमानांची डागडुजी सुरू झाली. वरकरणी ही पीछेहाट वाटते. मला ती तशी वाटत नाही. नवे विमान जुळवताना कामगार आराखड्याबरहुकूम चालतो. मोडलेले विमान उघडताना ते का मोडले, याचा विचार करावाच लागतो. बंगळूरच्या हजारो हातांना हे शिक्षण युद्धाच्या खर्चात मिळाले.

याच कारखान्यात विष्णू माधव घाटगे नावाचे एक मराठी इंजिनिअर होते. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. विमानाच्या पंखाभोवतीची हवा नेमकी कशी वाहते, याचे आधुनिक शास्त्र ज्या मोजक्या लोकांनी घडवले त्यांत प्रांटल अग्रणी होते. डिसेंबर १९४२ मध्ये टाटांच्या त्या विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. तो उभा करण्यात घाटग्यांचा मोठा वाटा होता. एक पाय कारखान्यात आणि एक वर्गात, अशी त्यांची कामाची तऱ्हा होती. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांच्या चमूने रचलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान उडाले. संपूर्ण भारतीय आराखड्याचे, भारतात बांधलेले हे पहिले विमान. पुढे ती दीडशेहून अधिक बांधली गेली.

युद्ध संपल्यावर कारखान्याचे काय करायचे, हा पेच सुटण्याची कथा तर मला एचटी-२ पेक्षाही महत्त्वाची वाटते. युद्धातली गिऱ्हाइके एका रात्रीत गेली. नव्या देशाकडे विमानांसाठी पैसा थोडा. मग या कारखान्याने रेल्वेचे डबे बांधले, बसच्या बॉड्या बांधल्या. विमानाची कातडी ठोकणारे हात डब्याचे पत्रे ठोकू लागले. अभिमानाला ठेच लागली असेल, पण पगार निघत राहिले आणि कुशल माणूस शहर सोडून गेला नाही. हे डब्यांचे काम इतके वाढले, की १९६४ मध्ये त्यातून बीईएमएल ही वेगळी सरकारी कंपनीच निघाली. संरक्षण उद्योगाला ऑर्डरी लाटांसारख्या येतात आणि जातात. दोन लाटांमध्ये माणसे टिकवणे हीच या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

माणसे टिकली म्हणून बाकीचे त्यांच्याभोवती जमत गेले. १९५३ मध्ये एचएमटी आली आणि यंत्रे घडवणारी यंत्रे बंगळूरला बनू लागली. १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स आले. १९५९ मध्ये दिल्लीत स्थापन झालेली विमानविद्येची राष्ट्रीय प्रयोगशाळा वर्षभरात इथे हलली. लाहोरहून इंजिनिअर होऊन आलेल्या सतीश धवन यांनी अमेरिकेला जाण्यापूर्वी याच विमान कारखान्यात उमेदवारी केली होती. परतल्यावर ते विज्ञान संस्थेत शिकवू लागले, पुढे तिचे संचालक झाले आणि १९७२ मध्ये अंतराळ कार्यक्रमाची धुरा घ्यायची वेळ आली तेव्हा मुख्यालय बंगळूरला हवे अशी अट त्यांनी घातली. इस्रो बंगळूरला आहे त्याचे एक कारण असे सरळ विमान कारखान्याच्या दारापर्यंत जाते. कर्नाटकाने विमान उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले ते २०१३ मध्ये. तोवर धोरणाने आणायचे ते बहुतेक सगळे येऊन गेले होते.

मग सवलतींचे काय? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याचा अनुभव याबाबतीत बोलका आहे. बोइंगचा जन्म १९१६ चा, सिअॅटलचा. तरी २००१ मध्ये कंपनीने मुख्यालय शिकागोला नेले. २००९ मध्ये ७८७ विमानाची दुसरी जुळवणी दक्षिण कॅरोलायनात उभारायचे ठरवले. घाबरलेल्या राज्याने २०१३ मध्ये ७७७एक्स हातचे जाऊ नये म्हणून २०४० पर्यंत मिळून सुमारे ८.७ अब्ज डॉलरची करसवलत मंजूर केली. राज्य पातळीवर एखाद्या कंपनीला दिलेल्या सवलतींत ती अमेरिकेच्या इतिहासातली सर्वांत मोठी म्हणून गाजली. ७७७एक्स राहिले. २०२० मध्ये ७८७ ची उरलेली जुळवणीही कॅरोलायनाला जाणार असे जाहीर झाले. सवलतीने एक विमान राखता आले, उद्योगाला बांधून ठेवता आले नाही. तरीही सिअॅटल आजही विमानांचे शहर आहे, ते तिथल्या पुरवठादारांमुळे आणि पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलेल्या कामगारांमुळे.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्याला विमान कारखाना मिळाला नाही असे नाही. नाशिकजवळच्या ओझरला तो साठ वर्षे आहे. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला आणि चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकहून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. मिगचे काम तीन ठिकाणी वाटले गेले: सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला. तीन राज्ये खूश झाली. हा हिशेब लोकशाहीत समजण्यासारखा आहे, पण तो उद्योगाला भोवला. इंजिनवाला, सांगाडेवाला आणि रडारवाला एका गावात राहिले, की संध्याकाळी चहाच्या टपरीवर जे सुटते ते तीन राज्यांतल्या पत्रव्यवहारात सुटत नाही.

ओझरने आपले काम चोख केले. मिग-२१ च्या अनेक आवृत्त्या तिथून निघाल्या, मग मिग-२७ आणि २००० च्या करारानंतर सुखोई-३०. भारतात बांधलेली २२२ सुखोई सगळी ओझरची. सुरुवातीला सुटे भाग जोडून आणि शेवटी शेवटी कच्च्या धातूपासून. मात्र आराखडा मॉस्कोचा. कुठला रिव्हेट, कुठला धातू, कुठली प्रक्रिया, सगळे ठरलेले. त्यात बदल सुचवायचा तर परवानगी परदेशातून. घाटग्यांसारखा एक पाय वर्गात ठेवणारा माणूस इथे काय करणार होता? नाशिकमध्ये इंजिनिअरिंगची पदवी देणारी महाविद्यालये निघाली तीच मुळी ऐंशीच्या दशकात, कारखाना वीस वर्षांचा झाल्यावर. ओझरची वसाहत सुंदर झाली, शाळा झाली, मैदाने झाली. सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहतही भरभराटली, पण ती मोटारींवर.

इथे धंद्याचे गणित समजून घ्यावे लागते. अंबडमधल्या एखाद्या कारखानदाराकडे उत्तम सीएनसी यंत्रे आहेत. मोटार कंपनीचा भाग तो वर्षाला लाखांनी काढतो. विमानाचा भाग त्याहून फार अवघड असतो असेही नाही, पण वर्षाला लागतात बारा किंवा फार तर चोवीस नग. त्यासाठी गुणवत्तेचे वेगळे प्रमाणपत्र हवे, पहिल्या नगाच्या प्रत्येक मापाची नोंद हवी, धातूचा तुकडा कुठल्या भट्टीतून आला याचा कागद वर्षानुवर्षे जपायला हवा. टायटॅनियमचा महागडा ठोकळा आणायचा आणि त्यातला बहुतेक भाग कीस करून उडवायचा, तेव्हा पातळ बरगडी उरते. एक चूक झाली की ठोकळा गेला. एवढे करून भाग तयार झाला, तरी त्यावर गंजरोधक थर चढवण्याची मान्यताप्राप्त सोय जवळ नसली तर तो दुसऱ्या राज्यात पाठवायचा आणि परत यायची वाट पाहायची. बँकेचे व्याज मात्र वाट पाहत नाही. बेळगावजवळ एक्वस या कंपनीने जे औद्योगिक क्षेत्र उभारले त्याचे मर्म हेच आहे: घडाई, कापकाम आणि पृष्ठप्रक्रिया एकाच कुंपणात. बेळगावच्या जुन्या ओतकाम-कापकामाच्या कसबाला त्यामुळे एअरबसपर्यंत वाट मिळाली.

त्यातच सुखोईची ऑर्डर पुरी झाली आणि ओझरचे काम आटत गेले. पुढच्या १२ सुखोईंचा करार व्हायला डिसेंबर २०२४ उजाडले. मधल्या काळात दुरुस्ती आणि देखभालीवर गाडा चालला. बंगळूरच्या रेल्वे डब्यांची आठवण इथे यावी. राज्याच्या हाती संरक्षणाच्या ऑर्डरी नसतात, त्या दिल्लीतून निघतात. पण बस, मेट्रो, शेतीची यंत्रे, वैद्यकीय उपकरणे यांची खरेदी राज्य करते किंवा तिच्यावर प्रभाव टाकू शकते. मंदीच्या वर्षांत त्यातले थोडे काम अशा हातांकडे वळवता येईल का, याचा विचार आपल्याकडे कधी गांभीर्याने झालेला दिसत नाही.

महाराष्ट्राला हे जमतच नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. पुण्याने ते तोफांच्या बाबतीत करून दाखवले आहे, आणि बंगळूरसारखेच, फारसे ठरवून नव्हे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पाषाणला शस्त्रास्त्र संशोधनाची डीआरडीओची प्रयोगशाळा, सुतारवाडीला स्फोटकांची, दिघीला लष्करी अभियांत्रिकीची. शेजारच्या नगरला रणगाडे आणि वाहनांची चाचणी करणारी संस्था. आणि मुंढव्यात भारत फोर्ज, जी ट्रकचे क्रँकशाफ्ट घडवत घडवत जगातल्या मोठ्या घडाई कंपन्यांत गेली. तोफेची नळी हे अखेर घडाईचेच काम. पाषाणच्या प्रयोगशाळेने १५५ मिलिमीटरची अटॅग्ज तोफ आखली, ती बांधण्यात भारत फोर्ज आणि टाटा उतरले आणि मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला, त्यातला मोठा वाटा भारत फोर्जचा. आराखडा करणारा आणि घडवणारा एकाच शहरात असल्याचा हा फायदा. राज्याचे संरक्षण उद्योग धोरण आले २०१८ मध्ये. पुण्याची ही बैठक त्याच्या कितीतरी आधीची आहे.

राज्य सरकारने करण्यासारखे यातून बरेच दिसते आणि ते उद्घाटनाच्या फिती कापण्याइतके देखणे नाही. सामाईक चाचणी केंद्र, मान्यताप्राप्त पृष्ठप्रक्रियेची सोय, लहान कारखानदाराला प्रमाणपत्राच्या खर्चात मदत, आयटीआयमध्ये विमानाच्या पत्र्याचे आणि रिव्हेटचे काम शिकवणारे निदेशक, तंत्रनिकेतनात वापरात असलेली यंत्रे. केंद्राने २०२० मध्ये संरक्षण चाचणी सुविधांसाठी ४०० कोटींची योजना काढली, तिचा भर उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या संरक्षण पट्ट्यांवर राहिला. उरलेल्यांनी स्वतःच्या खिशात हात घालायला हवा. अशा केंद्राचा पैसा पाच वर्षांत वसूल होत नाही आणि निवडणूक पाच वर्षांनी येते, ही अडचण उघड आहे. शिवनसमुद्रचे वीजकेंद्र आणि विमान कारखाना यांच्यात ३८ वर्षांचे अंतर होते.

ओझरला मात्र पुन्हा संधी आली आहे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाची नवी जुळवणी सुरू झाली आणि नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजसने आकाशात झेप घेतली. वर्षाला आठ विमाने काढण्याची तिची क्षमता आहे. हवाई दलाने २०२१ मध्ये ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमाने मागवल्याने पुढची काही वर्षे काम आटणार नाही. शिवाय हे विमान आपल्याच आराखड्याचे आहे, बदल सुचवायला मॉस्कोला लिहावे लागणार नाही. आता या विमानाचे मोठे भाग खासगी कारखान्यांत कुठे बनतात ते पाहा. पंख एल अँड टीच्या कोइमतूरच्या कारखान्यातून येतात, मधला सांगाडा हैदराबादच्या व्हीईएम टेक्नॉलॉजीजकडून, मागचा बंगळूरच्या अल्फा टोकॉलकडून आणि इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून. हे सगळे ओझरला येऊन जुळते. सातपूर-अंबडहून ओझर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे आणि तिथल्या कारखान्यांना या विमानाचे मोठे भाग करायचे असतील, तर पृष्ठप्रक्रियेची आणि चाचणीची सोय नाशिकमध्येच लागेल. ती उभारायला ओझरचा कारखाना चालवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची किंवा दिल्लीची परवानगी लागत नाही.